वाचकांचे प्रश्न : पर्यावरणाचा अभ्यास कोणत्या शाखेतून करावा?

प्रवेशाचे दिवस जवळ आले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोख बदलतो. यंदा आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे महाविद्यालयात शिकवल्या जाणाऱ्या ‘पर्यावरण’ या विषयासंबंधी आहेत, आणि ती लिहिणाऱ्यांमध्ये विद्यार्थी, पालक आणि प्राध्यापक असे तिन्ही आहेत. मी स्वतः रसायनशास्त्र शिकून या विषयात आले आणि पुण्यातील एका महाविद्यालयात अनेक वर्षे तो शिकवला, त्यामुळे या पत्रांना थोडे विस्ताराने उत्तर द्यावे असे वाटले. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून छापलेली नाहीत.

प्रश्न : मी यंदा विज्ञान शाखेतून बारावी उत्तीर्ण झाले आहे. पर्यावरणशास्त्रात पदवी घ्यावी अशी माझी इच्छा आहे. परंतु माझा दादा म्हणतो की या विषयात थोडे रसायनशास्त्र, थोडे जीवशास्त्र, थोडा कायदा अशी खिचडी असते; पदवी हाती येते, पण विद्या एकही येत नाही. माहितीपत्रकात या अभ्यासक्रमाला ‘आंतरविद्याशाखीय’ म्हटले आहे. त्याचा नेमका अर्थ काय, आणि दादाचे म्हणणे खरे आहे का? (एक विद्यार्थिनी, हडपसर)

तुमच्या दादाचा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही, कारण हा विषय अनेक ठिकाणी तो म्हणतो तसाच शिकवला जातो. चार प्राध्यापक चार प्रकरणे वाटून घेतात, एकमेकांच्या वर्गात काय चालले आहे याची विचारपूस कोणी करत नाही, आणि विद्यार्थी वर्षाअखेरीस चार वह्या एकत्र बांधून त्याला पर्यावरणाचा अभ्यास म्हणतात. याला फार तर बहुविद्याशाखीय म्हणता येईल. आंतरविद्याशाखीय अभ्यासाची माझी कसोटी अशी आहे की एका शास्त्राने दिलेल्या उत्तरामुळे दुसऱ्या शास्त्राला आपला प्रश्नच नव्याने मांडावा लागला पाहिजे.

तुम्ही हडपसरला राहता, तेव्हा मुंढव्याच्या पुलावरून मुळा-मुठा नदी पाहिली असेलच. उन्हाळ्याच्या तोंडावर या नदीवर जलपर्णीचा हिरवा थर पसरतो, डासांच्या तक्रारी येऊ लागतात, आणि ती काढण्यासाठी यंत्रे उतरवली जातात. आता हा एकच प्रश्न निरनिराळ्या जाणकारांपुढे ठेवून पाहा. वनस्पतिशास्त्रज्ञ सांगतील की ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतील असून शोभेची म्हणून भारतात आली, आणि अनुकूल परिस्थितीत आठवड्या-दोन आठवड्यांत ती दुपटीने वाढते; म्हणून अर्धी काढली तर महिन्याभरात ती पुन्हा होती तेवढी होते. रसायनशास्त्रज्ञ पाण्यातील नायट्रोजन आणि फॉस्फरस मोजून दाखवतील, कारण या वाढीला लागणारे खाद्य तेच आहे आणि ते मुख्यतः शहराच्या मैलापाण्यातून येते. मैलापाणी शुद्धीकरण केंद्रातील अभियंता सांगेल की नेहमीच्या जैविक प्रक्रियेने सेंद्रिय घाण बऱ्याच अंशी निघते, परंतु नायट्रोजन आणि फॉस्फरस काढण्यासाठी आणखी वेगळ्या प्रक्रिया जोडाव्या लागतात. म्हणजे केंद्र व्यवस्थित चालू असूनही जलपर्णीचे अन्न नदीत जात राहू शकते. इथपर्यंत तीन शास्त्रांनी तीन उत्तरे दिली, पण ‘जलपर्णी कशी काढावी’ हा प्रश्न जागच्या जागीच राहिला.

चौथ्या माणसाने, म्हणजे जलविज्ञानाच्या अभ्यासकाने, तोंड उघडले की तो प्रश्न हलतो. तो विचारतो की पावसाळा संपल्यावर या नदीत मुळात नदीचे पाणी असते किती? पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांचे पाणी खडकवासल्यात येते, आणि तेथून ते एकीकडे पुणे शहराला आणि दुसरीकडे कालव्याने दौंड-इंदापूरच्या शेतीला जाते. पावसाळ्यानंतर शहरातून वाहणाऱ्या मुठेच्या पात्रात प्रामुख्याने आपण वापरून सोडलेले पाणीच असते. त्याला विरळ करायला वरून प्रवाह नाही, आणि साचून राहिलेले, पोषकद्रव्यांनी भरलेले पाणी जलपर्णीला हवेच असते. मग प्रश्न असा होतो की नदीसाठी म्हणून धरणातून काही पाणी सोडावे का, आणि सोडायचे असेल तर कोणाच्या वाट्यातून सोडावे? हा प्रश्न कोणत्याही प्रयोगशाळेत सुटत नाही. तो कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत जातो, जिथे शहराचे पिण्याचे पाणी आणि शेतीचे आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, यांची ओढाताण असते. तिथे कायदा, अर्थशास्त्र आणि राजकारण ठाऊक असलेला माणूस लागतो.

नदीच्या खालच्या अंगाला गेले की गोष्ट आणखी गुंतते. मुंढव्याच्या जॅकवेलमधून, म्हणजे नदीकाठच्या पंपाच्या विहिरीतून, उचललेले शहराचे सांडपाणी शेतीला देण्याची व्यवस्था आहे, आणि शहरात ज्या नायट्रोजन-फॉस्फरसला आपण प्रदूषण म्हणतो तेच शेतात खत ठरते. पुढे मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनीच्या जलाशयात जाते, आणि त्या जलाशयाचे पाणी सोलापूर शहर पिते. भिगवणला रोहित पक्षी पाहायला जाणारे पुणेकर ज्या पाण्याकाठी उभे राहतात, त्यात त्यांच्याच घरांतून निघालेले पाणी मिसळलेले असते, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते.

एकदा मी विद्यार्थ्यांचा एक गट घेऊन या खालच्या पट्ट्यात गेले होते. मुलांनी पाण्याचे नमुने घेतले, विरघळलेला ऑक्सिजन मोजला, तक्ते भरले. एका शेतकऱ्याने त्यांना सरळ विचारले, ‘‘पाणी चांगलं का वाईट, तेवढं सांगा.’’ या पाण्यावर खताचा खर्च कमी येतो, पण दारे धरताना, म्हणजे शेताला पाणी देताना, पायाला खाज सुटते, हे त्यानेच सांगितले होते. मुले गप्प झाली. त्यांच्याजवळ आकडा होता, पण ‘चांगले’ हा शब्द कोणत्या कामासाठी आणि कोणाच्या बाजूने वापरायचा हे आम्ही त्यांना शिकवलेच नव्हते. आंघोळीच्या पाण्यासाठी बीओडी, म्हणजे पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवताना सूक्ष्मजीवांना लागणाऱ्या ऑक्सिजनची मागणी, लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी असे आपल्याकडील मानक सांगते. सिंचनाच्या पाण्याची कसोटी निराळी असते, पिण्याच्या पाण्याची त्याहून निराळी. ‘शुद्ध पाणी’ म्हणताना अभियंता, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, वकील आणि शेतकरी हे चौघे चार वेगळ्या गोष्टी बोलत असतात. या चौघांचे बोलणे एकमेकांना समजावून सांगता येणे ही एक स्वतंत्र विद्या आहे, आणि ती शिकण्यासाठीच हा अभ्यासक्रम आहे.

आता दादाच्या म्हणण्यातला खरा अर्धा भाग. एकही शास्त्र मुळापासून न शिकता सगळ्यांची तोंडओळख करून घेणारा विद्यार्थी पुढे खरोखर अडतो, हे मी पाहिले आहे. म्हणून माझा सल्ला असा की एक मूळ विद्या पक्की करा. नव्या शैक्षणिक धोरणात मेजर आणि मायनर, म्हणजे मुख्य आणि जोडविषय, अशी सोय आहे. रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, भूशास्त्र किंवा संख्याशास्त्र मेजर घेऊन पर्यावरण मायनर घेता येत असेल, किंवा त्याच्या उलट, तर दोन्ही वाटा चांगल्या आहेत. पर्यावरणशास्त्राचीच पदवी घेणार असाल तर प्रवेशापूर्वी महाविद्यालयात प्रत्यक्ष जाऊन वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना विचारा की गेल्या वर्षी ते क्षेत्रभेटीला किती वेळा गेले, त्यांच्या प्रकल्पाला दोन वेगवेगळ्या विभागांचे मार्गदर्शक होते का, आणि तो प्रकल्प संपल्यावर कोणी वाचला का. माहितीपत्रकापेक्षा या तीन उत्तरांवर अधिक विश्वास ठेवा.

प्रश्न : मुलगी पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करण्याचे म्हणते. तिचा ओढा मनापासून आहे हे दिसते, परंतु वडील म्हणून पोटापाण्याची काळजी वाटते. या विषयात नोकऱ्या आहेत का? ती मधूनच वनसेवेच्या परीक्षेबद्दलही बोलते. (एक पालक, सहकारनगर)

आपली काळजी रास्त आहे. नोकऱ्या आहेत, पण त्या बहुतेक कायद्यांनी निर्माण केलेल्या आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे चित्र स्पष्ट होते. १९७४ चा जल प्रदूषण प्रतिबंधक कायदा, १९८१ चा हवेविषयीचा कायदा आणि १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा यांमुळे प्रदूषण नियंत्रण मंडळे, प्रमाणित प्रयोगशाळा आणि कारखान्यांतील पर्यावरण विभाग उभे राहिले. २००६ च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणीय आघात मूल्यांकन, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अभ्यास, करावे लागते, त्यामुळे सल्लागार संस्थांना हवा, पाणी, जैवविविधता आणि समाजशास्त्र अशा निरनिराळ्या क्षेत्रांतील माणसे लागतात. २०१० च्या कायद्याने पर्यावरणाचे खटले चालवणारे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण स्थापन झाले आणि त्याचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्यातच आहे. विज्ञान समजणाऱ्या वकिलांना आणि कायदा समजणाऱ्या वैज्ञानिकांना तिथे काम आहे. अलीकडे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल देणे बंधनकारक केले आहे, त्यामुळे हिशेबाचे शिक्षण घेतलेल्यांसाठीही या क्षेत्रात जागा झाली. अध्यापनात जायचे असेल तर प्राध्यापकपदासाठीच्या नेट परीक्षेला पर्यावरणशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे.

वनसेवेबद्दल मात्र एक गोष्ट आजच पाहून घ्या. भारतीय वनसेवेच्या परीक्षेला बसण्यासाठी पदवीच्या पातळीवर ठरावीक विषयांपैकी किमान एक असावा लागतो: पशुसंवर्धन व पशुवैद्यकशास्त्र, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र किंवा प्राणिशास्त्र, अथवा कृषी, वनशास्त्र वा अभियांत्रिकीची पदवी लागते. या यादीत ‘पर्यावरणशास्त्र’ हे नाव नाही. मुलीच्या बी.एस्सी.च्या गुणपत्रिकेवर यांपैकी एखादा विषय आहे का, हे त्या वर्षीच्या अधिसूचनेशी ताडून पाहावे. केवळ या एका नोंदीअभावी एखाद्या हुशार मुलीची वाट बंद झाली तर मला फार वाईट वाटेल.

प्रश्न : मी वाणिज्य शाखेत प्राध्यापक आहे. पर्यावरणाचा सक्तीचा पेपर मला शिकवायला दिला आहे. वर्गात शंभराहून अधिक मुले असतात. प्रकल्प म्हणून जे येते ते बहुतेक इकडून तिकडून उतरवलेले असते. मी या विषयाचा नाही, आणि मुलांनाही तो आपला वाटत नाही. काय करावे? (एक प्राध्यापक, पुणे)

आपण हे प्रांजळपणे लिहिलेत याबद्दल मी आपली ऋणी आहे, कारण ही स्थिती अनेकांची आहे आणि फार थोडे जण ती बोलून दाखवतात.

हा पेपर कुठून आला हे आधी पाहू. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी दिलेल्या निकालात पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करावा असे सांगितले. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवी अभ्यासक्रमांसाठी सहा महिन्यांचा एक सामायिक अभ्यासक्रम तयार केला, आणि त्याचे पाठ्यपुस्तक पुण्यातील भारती विद्यापीठाच्या पर्यावरण शिक्षण संस्थेचे डॉ. इराक भरुचा यांनी लिहिले. भरुचा हे व्यवसायाने शल्यचिकित्सक. पर्यावरणाचे क्रमिक पुस्तक एका सर्जनने लिहावे आणि ते देशभर चालावे, यात या विषयाचा स्वभाव दिसतो. आपण ‘मी या विषयाचा नाही’ असे लिहिले आहे; तसे पाहिले तर या विषयाचा म्हणून जन्मलेला कोणीच नाही.

त्या मूळ अभ्यासक्रमात एक तपशील असा होता की एकूण ५० तासांपैकी प्रत्यक्ष क्षेत्रकार्याला ५ तास होते, पण १०० गुणांपैकी गुण होते २५. म्हणजे आखणाऱ्यांच्या मनात बाहेर पडून पाहण्याचे मोल मोठे होते, वेळापत्रकात त्याला जागा मात्र लहान मिळाली. पाच तासांत पंचवीस गुणांचे काम कसे करावे हे ठरले नाही, तिथेच उतरवलेल्या प्रकल्पांची सवय सुरू झाली असे माझे मत आहे. आता आयोगाने २०२३ मध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वे दिली आहेत आणि विषयाला चार श्रेयांकांचे (क्रेडिटचे) वजन सुचवले आहे. मात्र शिकवण्याची रीत तीच राहिली तर श्रेयांक वाढून मुलांच्या हाती अधिक काही पडेल असे मला वाटत नाही.

आपल्या वाणिज्य शाखेच्या मुलांजवळ एक साधन आधीच आहे, ते म्हणजे जमाखर्च. शंभर मुलांना शंभर निबंध लिहायला लावण्याऐवजी प्रत्येकाला आपल्या घरातला आठ दिवसांचा सुका कचरा वजन करून त्याची खतावणी, म्हणजे खातेवार नोंद, मांडायला सांगा. पुठ्ठा किती, दुधाच्या पिशव्या किती, काच किती, पत्रा किती, आणि यातले काय भंगाराच्या दुकानात कोणत्या भावाने जाते, हे त्यांनी दुकानात उभे राहून विचारून यावे. प्रत्येकाचे घर वेगळे, म्हणून नोंद वेगळी. दुसऱ्याची उतरवता येत नाही. त्यानंतर वर्गात शंभर घरांची बेरीज करा आणि विचारा की ज्या मालाला भाव नाही तो कोण उचलतो आणि त्याची मजुरी कोण देतो.

इथे पुण्याचे स्वतःचे उदाहरण उपयोगी पडेल. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ मध्ये पुण्यात स्थापन झाली, आणि तिच्या उभारणीत एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागाचा मोठा वाटा होता. पुढे कचरावेचकांच्या स्वतःच्या मालकीची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली आणि पुणे महानगरपालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. घनकचरा हा विषय अभियांत्रिकीच्या पुस्तकात असतो, पण पुण्यात त्याची वाट प्रौढशिक्षणाच्या लोकांनी आणि कागद-पत्रा वेचणाऱ्या बायांनी घालून दिली. सहकार, मजुरी, सेवाशुल्क, करार हे सगळे आपल्याच शाखेचे विषय आहेत. आपण तो धडा कोणत्याही पर्यावरणशास्त्राच्या प्राध्यापकापेक्षा चांगला शिकवू शकाल.

प्रश्न : मी इतिहास घेऊन बी.ए. करतो आहे. पर्यावरणाची आवड आहे, पण विज्ञान दहावीनंतर सुटले. माझ्यासारख्याने या क्षेत्रात येणे म्हणजे नुसती हौस ठरेल का? (एक विद्यार्थी, सदाशिव पेठ)

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबील ओढ्याला पूर आला. सहकारनगर, अरण्येश्वर, दांडेकर पूल या भागांत पाणी घरांत शिरले आणि माणसे गेली. पाऊस किती पडला हे हवामान खात्याने मोजले, पाणी कसे वाढले हे अभियंत्यांनी मांडले. पण त्या ओढ्याची पूर्वीची जागा कुठे होती, त्याच्याशी शहराने काय काय केले, हे सांगायला तुमच्यासारख्याची गरज आहे. कात्रजला बांध घालून पेशव्यांनी नळाने शहरात पाणी आणले. पर्वतीच्या पायथ्याशी आंबील ओढ्याच्या पाण्यावर तळे केले, ज्याच्या मधल्या बेटावरील गणपतीला आपण आजही ‘तळ्यातला गणपती’ म्हणतो, जरी भोवती आता सारसबागेची हिरवळ असली. शहराच्या वाढीसाठी ओढ्याचा प्रवाह वळवला गेला. ही सगळी माहिती कागदपत्रांत, जुन्या नकाशांत आणि जागांच्या नावांत आहे. ती कागदपत्रे बहुतांशी मोडी लिपीत आहेत, आणि संगणकावर पुराचे प्रारूप करणाऱ्या अभियंत्याला मोडी वाचता येत नाही.

त्यामुळे तुमच्याबाबतीत माझा सल्ला पहिल्या पत्राहून वेगळा नाही. इतिहास हीच तुमची मूळ विद्या समजा आणि ती चोख करा. मोडी शिका. भारत इतिहास संशोधक मंडळ तुमच्या पायी अंतरावर आहे आणि जुनी सरकारी कागदपत्रे जपणारे पुराभिलेखागारही याच शहरात आहे, हे भाग्य दुसऱ्या शहरातील विद्यार्थ्याला नाही. जोडीला पुराचे पाणी कसे वाहते, पाणलोट क्षेत्र म्हणजे काय, समोच्चरेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा, नकाशा कसा वाचतात, एवढे भूगोलाच्या विभागात बसून शिका. ते एका सत्रात येते. एखादा ओढा निवडा, त्याचा आजचा मार्ग स्वतः चालून पाहा, आणि जुन्या नकाशावरील मार्गाशी ताडून पाहा. कुठे तो पाइपात घातला आहे, कुठे त्यावर रस्ता आहे, कुठे भिंत पात्रात आली आहे, हे नोंदवलेत तर ती नोंद आपत्ती व्यवस्थापनाला उपयोगी पडेल. याला हौस म्हणण्याचे धाडस कोणी करू नये.

विज्ञान सुटले याची खंत ठेवणाऱ्या सर्वच कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना ओझोनची हकिगत माहीत असावी. शीतकपाटांत वापरल्या जाणाऱ्या क्लोरोफ्लुरोकार्बन या रसायनांमुळे ओझोनचा थर झिजू शकतो हे मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये मांडले. अंटार्क्टिकावरील ओझोनचे छिद्र १९८५ मध्ये जगापुढे आले, आणि १९८७ मध्ये अशा रसायनांचा वापर कमी करण्यासाठी माँट्रियल करार झाला. पण भारत त्या करारात १९९२ मध्ये सामील झाला, तो १९९० मध्ये लंडनच्या बैठकीत विकसनशील देशांसाठी स्वतंत्र निधीची तरतूद मान्य झाल्यावर. रसायनशास्त्राने रोग ओळखला, पण खर्च कोणी सोसायचा याचा न्याय्य तोडगा अर्थशास्त्र आणि मुत्सद्देगिरी जाणणाऱ्यांनी काढला, आणि तो निघाला म्हणूनच तो करार सर्व जगाचा झाला.

प्रश्न : माझे गणित कच्चे आहे. चालेल का? (एक विद्यार्थिनी, वारजे)

थोडे गणित लागेलच, पण ज्याची भीती वाटते ते बहुधा नाही. एक नमुना देते. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी दररोज १३५ लिटर हे मानक धरतात, आणि त्याच्या सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते असे मानतात. म्हणजे माणशी १०८ लिटर. दहा लाख लोकवस्तीमागे रोज १०.८ कोटी लिटर सांडपाणी. उलट बाजूने पाहा : दहा लाख माणसांना वर्षभर या हिशेबाने सुमारे ४,९२८ कोटी लिटर पाणी लागेल. वर्तमानपत्रात धरणांचे पाणी टीएमसीत देतात. एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, अर्थात सुमारे २,८३२ कोटी लिटर. तेव्हा दहा लाख लोकांना वर्षाला साधारण पावणेदोन टीएमसी. हा गुणाकार-भागाकार सातवीचा आहे, पण तो करता आला की धरणसाठ्याच्या बातमीतील आकडा तुमच्याशी बोलू लागतो. पुढे संख्याशास्त्राची ओळख अवश्य करून घ्या, कारण एका नमुन्यावरून नदीबद्दल बोलता येत नाही हे तेच शिकवते.

प्रश्न : माझे शिक्षण मराठी माध्यमातून, आंबेगाव तालुक्यात झाले. पुण्यात पदवीला प्रवेश घेतला आहे. या विषयाची पुस्तके इंग्रजीत, व्याख्याने इंग्रजीत. मी मागे पडेन असे वाटते. (एक विद्यार्थी, मंचर)

पहिले सहा महिने जड जातील, हे आधीच सांगून ठेवते. एक वही करा आणि प्रत्येक नवी संज्ञा डाव्या बाजूला इंग्रजीत लिहून उजवीकडे तिचा अर्थ आपल्या मराठीत, आपल्या गावच्या उदाहरणासह लिहा. शब्दाला शब्द देऊ नका, तुमच्या शिवारातील गोष्ट द्या. इंग्रजी वाचन टाळू मात्र नका. संशोधनाचा मोठा भाग त्या भाषेत आहे आणि तो तुमच्या हक्काचा आहे.

आता तुमच्याजवळ काय आहे ते पाहा. तुम्ही आंबेगाव तालुक्यातले. त्याच तालुक्यात ३० जुलै २०१४ रोजी माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. दरड का कोसळते याचे उत्तर शोधताना भूशास्त्र लागते, पावसाच्या नोंदी लागतात, उतारावरची जमीन कशी कसली जाते हे लागते. आणि डोंगराला भेगा कधी दिसू लागल्या, झरा कुठे नव्याने फुटला, कुठला गढूळ झाला, हे गावातल्या माणसाला विचारावे लागते. हे शेवटचे काम पुण्यात वाढलेला मुलगा तुमच्याइतके नीट करू शकणार नाही. वरकस, माळरान, गायरान, राब, खाचर हे शब्द तुम्हाला कोणी समजावून द्यावे लागत नाहीत, आणि या प्रत्येक शब्दात जमिनीचा प्रकार, तिचा वापर आणि तिच्यावरचा हक्क असे तिन्ही सामावलेले आहे.

देवराईचेच पाहा. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास केला. वर्तक पुण्यातील संशोधन संस्थेत काम करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ. गाडगीळ प्राणिशास्त्र शिकून पुढे हार्वर्डमध्ये गणिती परिसरशास्त्राकडे वळलेले. दोघांची मूळ विद्या वेगळी आणि पक्की होती. पण कोणत्या देवाच्या नावाने कोणते रान राखले आहे, तिथली वाळलेली काटकी तरी उचलायला मुभा आहे का, आणि ती मुभा कोण देतो, ही माहिती त्यांना गावकऱ्यांकडूनच मिळणार होती, आणि तीही मराठीत.

तुमच्या गावाला किंवा शेजारच्या गावाला देवराई असेल तर दिवाळीच्या सुट्टीत तिथे जा. झाडांची नावे गावच्या बोलीत लिहून घ्या, वयस्कर माणसांना राईचे नियम विचारा, आणि पूर्वी राई कुठवर होती ते त्यांना सोबत घेऊन चालून पाहा. परत आल्यावर ती वही वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवा आणि शास्त्रीय नावे त्यांच्याकडून लिहून घ्या. पहिल्या वर्षाचा प्रकल्प तोच द्या. काही अडले तर या सदराच्या पत्त्यावर पुन्हा लिहा.